उभी ज्योत

"दरवाजा भेड दो कोई," दिनकरराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच हातातला खडू तसाच धरून उभे राहिले.

तसं पाहिलं तर यात काहीच नव्हतं. हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या पोरांना ते दर साली हा प्रयोग दाखवत. हातभर लांब काचेची नळी, खालून येणारा गॅस आणि नळीच्या मध्यावर तरंगत राहिलेली निळी ज्योत. ही ज्योत उभी आहे असं तुम्हाला वाटतं, ते सांगत, पण ती उभी नाही. ती सारखी खाली धावते आहे, आणि गॅस तितक्याच वेगाने वर येतो आहे, म्हणून ती जागच्या जागी दिसते. दोघांतला एक जरी दमला तरी खेळ खलास. हे ते उर्दूत सांगत, कारण शिकवणं उर्दूत होतं. फळ्यावरचं समीकरण इंग्रजी अक्षरांत लिहीत. आणि घड्याळ हातात धरून सेकंद मोजायचे ते मात्र मनातल्या मनात मराठीत, वालूरच्या शाळेत पंतोजींनी छडी दाखवून शिकवले तसे. वीस वर्षांत या तीन भाषांचं त्यांच्या डोक्यात कधी भांडण झालं नव्हतं. त्या दिवशी व्हरांड्यातून वारा आला, ज्योत डगमगली, मागच्या बाकावरच्या पोराने उठून दार लावलं, ज्योत पुन्हा सरळ झाली. आणि दिनकररावांच्या कानात त्यांचाच आवाज मराठीत म्हणाला, "दार लाव रे. ज्योत हलायलीय."

आवाज त्यांचाच, यात शंका नव्हती. जरा चिडका, जरा लाडावलेला, खेळण्यात मोडता घातल्यावर मुलाचा लागतो तसा. त्या आवाजामागोमाग ओल्या मातीचा आणि बाभळीच्या कोळशाचा वास आला, आणि दारातून येणारी उन्हाची एक पट्टी जमिनीवर बारीक होत होत नाहीशी झालेली दिसली. पोरं वाट पाहत होती. एकाने हळूच पुढचं अक्षर सांगितलं. सरांचं समीकरण अडलं असं त्याला वाटलं असावं. दिनकररावांनी ते अक्षर लिहिलं, पुढच्या तीन ओळीही बिनचूक लिहिल्या, तास संपेपर्यंत एकही चूक केली नाही. मग पोरं गेल्यावर ते गॅसची तोटी बंद करून स्टुलावर बसले आणि संध्याकाळी शिपाई दिवे बघायला आला तोपर्यंत तिथेच बसून राहिले. आठ महिने ज्याला त्याला "आठवत नाही" असं सांगत आलेल्या माणसाला अचानक आठवावं, आणि तेही असं, भर वर्गात, याचा त्यांना आधी रागच आला.

झालं होतं ते असं. लढाईमुळे इंजिनचं तेल मिळेनासं झालं होतं, आणि मानवतच्या राधाकिशनशेठनी आपल्या जिनिंगचं इंजिन कोळशाच्या वायूवर चालवायचं ठरवलं. बाभळीचा कोळसा मोठ्या बंबात अर्धवट जाळायचा आणि त्यातून निघणारा वायू इंजिनाला पाजायचा. बंब बसला, पण नीट चालेना, म्हणून माघात दिनकररावांना बोलावणं आलं. त्यांना ते हवंच होतं. वर्षानुवर्षं बोटाएवढ्या ज्योतीशी खेळल्यावर माणसाला वाटतं, एकदा तरी आपल्या विद्येनं काहीतरी खरोखरचं फिरावं. तिथे दोन माणसं होती. मुंजाजी नावाचा आगवाला बंबात कोळसा घालायचा, झाकणाच्या कडेला ओल्या मातीचा लेप द्यायचा आणि हाताने पंखा फिरवायचा. सुग्रीव हा इंजिन ड्रायव्हर, तो शेजारच्या खोलीत इंजिनाची तयारी करायचा. दोघे एकाच गावचे, शेजारी शेजारी राहणारे. वायू जमला की नाही हे पाहायला पाइपाला एक बारीक तोटी होती. तिच्यापाशी काडी धरली की ज्योत लागे, आणि ती पिवळी की निळी यावरून वायू कच्चा की पक्का ते कळे. दिनकरराव वही घेऊन त्या ज्योतीसमोर बसले. मग केव्हातरी दार लागलं. मातीच्या लेपाला भेगा पडल्या आणि वायू खोलीत साठत गेला. त्या वायूला रंग नाही आणि वासही नाही. हे दिनकरराव दर साली शिकवत, आणि परीक्षेत तो प्रश्न हमखास येई. पाऊण तासाने सुग्रीव आत आला तेव्हा दोघेही बसल्या जागी कलंडले होते. त्याने आधी साहेबांना ओढत बाहेर आणलं, मग परत जाऊन मुंजाजीला आणलं. तोवर मुंजाजी संपला होता. आधी साहेबांना का, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात कुणाला काही दिसलंच नाही.

परभणीच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी पोलिसांचा अमीन बयान घ्यायला आला. दार कुणी लावलं? सुग्रीव म्हणत होता, साहेबांनी सांगितलं म्हणून लावलं. अमीनने अदबीने विचारलं आणि दिनकररावांनी डोळे मिटून शोधलं. सकाळ सापडली. राधाकिशनशेठच्या घरचा चहा सापडला, वहीचं पहिलं पानही सापडलं. त्यापुढे सगळं पांढरं होतं, चुना दिलेल्या भिंतीसारखं. "याद नहीं," ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. अमीनने ते लिहून घेतलं, खाली सही घेतली, आणि त्या दोन शब्दांनी सुग्रीवची नोकरी गेली. हे त्यांना पुढे शेठच्या पत्रातून कळलं. हुकुमाविना दार लावून आपल्या सोबत्याचा जीव घेणारा माणूस ठेवून काय करायचं, असं शेठनी लिहिलं होतं, आणि साहेबांची प्रकृती कशी आहे म्हणून आपुलकीने विचारलंही होतं. पत्र वाचून दिनकररावांना वाईट वाटलं. पण आठवत नाही त्याला ते तरी काय करणार, असं ते स्वतःला म्हणाले, आणि हे म्हणायची त्यांना पुढे सवयच लागली.

वर्गात आठवलं त्याच रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. कमलबाईंनी वाढायचा हात थांबवला नाही. "आठ महिन्यांनी?" त्या म्हणाल्या. "आणि खात्री काय? मनाला लागून राहिलं की माणसाला काहीही ऐकू येतं." खात्री आहे, ते म्हणाले. "असेल. पण त्या माणसानं तुम्हाला ओढून काढलं म्हणून हे कपाळ आज भरलेलं आहे. त्याला काय द्यायचं ते द्या, माझी ना नाही. पण हे कशाला? हे देऊन त्याच्या पदरात काय पडणार?" त्याच्या पदरात त्याचं नाव पडणार, असं काहीतरी दिनकररावांना म्हणायचं होतं, पण ते नाटकातल्यासारखं वाटलं असतं म्हणून ते ताकभात कालवत राहिले. खरं तर आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानवतला जायला गाडीत बसले तेव्हा तीच त्यांच्याबरोबर येऊन बसली.

सकाळी गाडी पूर्णेला उभी होती. पुढे मिरखेल, पिंगळी, काळ्या रानात पाणी पिऊन फुगलेली ढेकळं, कपाशीची पिवळी फुलं, रुळांकडे पाठ करून उभी राहिलेली म्हैस. आश्विनातलं ऊन खिडकीतून मांडीवर पडत होतं आणि गाडीच्या ठेक्यात डोळे मिटत होते. आणि डोळे मिटले की ते सुख परत येत होतं. कारण बंबाशेजारच्या त्या पाऊण तासात दिनकरराव सुखी होते, आणि ते सुख असं तसं नव्हतं, जन्मात कधी लागलं नव्हतं इतकं. पांढऱ्या भिंतीत तेवढं एक भोक पहिल्यापासून होतं, पण त्याची त्यांना लाज वाटत होती. आधी कपाळ जरा ठणकलं होतं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही म्हणून असेल, असं त्यांनी ठरवलं होतं. मग हातपाय हलके झाले, वहीतले आकडे मऊ झाले, आणि समोरच्या ज्योतीच्या निळ्यातून वालूरच्या मळ्यातलं पाणी वाहायला लागलं. मोट रिकामी झाली की पाणी थारोळ्यात धबाबा पडायचं, तिथून पाटात यायचं, आणि पाटाच्या पहिल्या वळणावर एक भोवरा धरायचं. सात वर्षांचे दिनकरराव तिथे पालथे पडून कडब्याची काडी सोडत. काडी भोवऱ्यात शिरे, गरगर फिरे, बाहेर पडेल पडेल म्हणता पुन्हा आत ओढली जाई. पाणी सगळं पुढे जातं आणि भोवरा तिथेच कसा राहतो? हे त्यांनी मोट हाकणाऱ्या गड्याला विचारलं होतं. गडी म्हणाला, त्याला जायाचं नसंल. विलायतेत जाऊन, जाड जाड पुस्तकं वाचून, पाण्याची आणि वायूची गणितं करून दिनकररावांनी पुढे जे उत्तर मिळवलं ते याहून फार निराळं होतं असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. तर त्या दिवशी ते पाटाच्या कडेला पालथे पडले होते, गालाला थंड चिखल लागत होता, आईची कुठूनतरी हाक येत होती आणि ओ द्यायची काही घाई नव्हती. त्यांच्यापासून दोन हातांवर मुंजाजी मरत होता.

परभणीला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर कुणीतरी पेरू विकत होतं. दिनकररावांनी डोळे उघडले, पेरू घेतले, पुन्हा मिटले. आता ते मुद्दाम मिटत होते. शोधायचं तर तिथेच उतरून शोधलं पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. पाट, चिखल, हाक यांच्या अलीकडे, सुख सुरू होण्याच्या जरा आधी, दार होतं. पेडगाव गेलं. दारात सुग्रीव उभा होता, हात चिंधीला पुसत. वारा येत होता, तोटीवरची ज्योत फडफडून विझली होती, काड्या तर लढाईमुळे मोजून मिळत. तिसऱ्यांदा पेटवली होती ती. "दार लाव रे. ज्योत हलायलीय." आणि सुग्रीवने दार लावलं नव्हतं. हे नवीन होतं. गाडीच्या बाकावर दिनकररावांचं अंग ताठ झालं. सुग्रीव लगेच हलला नव्हता. तो म्हणाला होता, "माती वली हाय अजून, सायेब. वाळताना तडकती. वारं येऊ द्या की जरा." मुंजाजीने पंखा फिरवता फिरवता मान वर केली होती, आणि तोही सुग्रीवकडे बघून होय म्हणाल्यासारखा हसला होता. आणि मग दिनकररावांनी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं होतं, "लाव म्हटलं ना एकदा. हे मला शिकवू नको."

मानवतरोड स्टेशनावर उतरले तेव्हा तेच वाक्य त्यांच्या कानात होतं. हे मला शिकवू नको. जन्मभर शिकवण्यात गेलेल्या माणसाच्या तोंडातलं हे वाक्य. ज्याला तो विषय ठाऊक नव्हता अशा माणसाने तो विषय बरोबर सांगितला होता, आणि ज्याला ठाऊक होता त्याने त्याला दटावलं होतं. बैलगाडीवाल्याला त्यांनी मानवतला न जाता परस्पर सुग्रीवच्या गावाकडे घ्यायला सांगितलं. दोन कोस वाट होती. गाडीवाला सारखा बोलत होता, लढाईबद्दल, गोड्या तेलाबद्दल, यंदाच्या कपाशीबद्दल, आणि दिनकरराव हं हं करत मनात वाक्यं जुळवत होते. आधी सुग्रीवला सांगायचं, मग गावाला, चावडीत, सगळ्यांसमोर. मग अमीनला लेखी. शेठला पत्र. कॉलेजात काय होईल ते होवो. असं ठरवत गेल्यावर त्यांना हलकं वाटायला लागलं, इतकं की त्या हलकेपणाचीच त्यांना एकदम भीती वाटली, आणि त्यांनी गाडीच्या साट्याला घट्ट धरलं.

सुग्रीव रानात होता. रब्बीची पेरणी चालली होती. तो तिफण हाकत होता आणि मागून एक बाई चाड्यात मूठ धरून ज्वारी सोडत चालली होती. बी चाड्यातून तीन नळ्यांत उतरायचं आणि मातीतल्या तीन ओळींत, तीन तासांत, सारखं पडायचं. बाईची मूठ एकाच मापाने सुटत होती, कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. शेताच्या धुऱ्यावर उभे राहून दिनकरराव ते बघतच राहिले. एवढा सारखा प्रवाह साधायला त्यांना प्रयोगशाळेत पितळेच्या तीन चकत्या लागत. तास संपवून बैल वळले तेव्हा सुग्रीवला ते दिसले. त्याने कासरा ओढला आणि हात कपाळावर धरून नीट पाहिलं.

"सायेब? तुमी?" तो जवळजवळ पळतच आला. वाकून पायाला हात लावायला गेला, तो दिनकररावांनी वरच्यावर धरला. "कवा आलाव? डोसकं बरं हाय का आता?"

"बरं आहे. ही कोण?"

"तानुबाई. मुंजाजीची." त्याने मागे वळून मोठ्याने सांगितलं, "वैनी, सायेब आल्यात! हैद्राबादचे!" तानुबाईने पदर सारखा केला, लांबूनच एकदा पाहिलं, बियांची ओटी सोडून बांधावर ठेवली आणि घागर घेऊन विहिरीकडे निघाली. "पाणी आनती. तिचं रान म्याच पेरतो औंदा. तिला कुणी न्हाई."

ते बाभळीखाली बसले. सावली झिरझिरीत होती. दिनकररावांनी जुळवलेल्या वाक्यांतलं एकही कामाला आलं नाही. ते म्हणाले, "सुग्रीव, मला आठवलं."

"काय?"

"दार मीच लावायला सांगितलं होतं. तू माती ओली आहे म्हणालास, वारं येऊ द्या म्हणालास. मी तुझ्यावर डाफरलो. तुझा काही दोष नाही. दोष सगळा माझा आहे, आणि हे मी आज तुझ्या गावाला सांगायला आलोय."

सुग्रीवचा चेहरा उजळेल, निदान त्याला रडू फुटेल, रागाने तो शिवी देईल, यातलं काहीही व्हायला दिनकरराव तयार होते. सुग्रीवने पायाच्या अंगठ्याला चिकटलेला चिखल काडीने सगळा खरवडून काढला.

"पक्कं आठवतंय?"

"पक्कं."

"मंग घात झाला की, सायेब."

दिनकररावांना कळेना. सुग्रीव हळू बोलत होता, विहिरीकडे एक डोळा ठेवून. "तुमचं बयान अमीनसायबानं चावडीत वाचलं. सायबाला याद न्हाई. म्या म्हनत व्हतो, सायबानंच सांगितलं. लोक म्हनले, मंग सायेब तसं का म्हनंना? गावानं आमच्या घरचा इस्तू बंद केला. काडेपेटी कुटं मिळायलीय ह्या लढाईत? समदे एकमेकाच्या चुलीतला इस्तू नेत्यात. आमाला कुणी देईना. केशर माजी घरवाली, पोटुशी. दोन दोन दिस चूल न्हाई. कच्चं पीठ कालवून खाल्लं तिनं." तो थांबला. "तवा पडल्या पडल्या मलाच वाटाय लागलं, येवढा शिकल्याला मानूस. त्यानं सांगितलं आसतं तर त्याला याद ऱ्हायली नसती? सायेब कशापायी खोटं बोलतील? माजंच चुकलं आसंल. आन सायेब, मंग मला तसंच दिसाय लागलं. डोळे झाकले की दिसायचं, म्या आपल्या मनानं जातो, दार लावतो. तुमी काई बोलतच न्हाईत. वहीत बघायलाव."

"अरे पण तसं नव्हतं."

"आता सांगायलाव तुमी. तवा पंच म्हनले, मारुतीच्या पायावर हात ठिव, कबूल हो, मोकळा हो. म्या ठिवला. समद्या गावाम्होरं म्हनलो, दार म्या लावलं, कुनी सांगितलं नव्हतं. खोटं न्हाई बोललो सायेब. मला तसंच आठवत व्हतं. त्याच सांच्याला वैनी सोता खापरीत इस्तू घिऊन आमच्या दारात आली. जिचा मानूस गेला ती आली. मंग समदं गाव आलं. पंधरा दिसांनी पोरगी झाली." त्याने काडी मोडली. "आता तुमी म्हनताव तसं न्हाई झालं. मंग म्या मारुतीच्या पायावर हात ठिवून बोललो ते काय?"

"अरे, अशी शपथ लागत वगैरे नसते," दिनकरराव म्हणाले.

"तुमाला लागत नसंल."

बैल माना खाली घालून उभे होते. दिनकररावांना स्वतःचीच गंमत वाटल्यासारखं झालं, पण हसू आलं नाही. हा माणूस त्यांना जिवंत बाहेर घेऊन आला. त्यांच्या एका वाक्याने त्याची नोकरी गेली आणि घर वाळीत पडलं. एवढंच नाही, तर त्यांच्यावरच्या भरवशाने त्याने आपली स्वतःची आठवणसुद्धा काढून टाकून त्यांची पांढरी भिंत आपल्या डोक्यात बांधून घेतली. आणि आता कुठे तिच्या आडोशाला त्याचा संसार उभा राहिला, तर आपण खरं घेऊन आलो. कमलबाईंचा प्रश्न त्यांना आठवला. त्याच्या पदरात काय पडणार, हे त्यांनी घरी बसून विचारलं होतं आणि बरोबर विचारलं होतं.

"ती आण खोटी निघाली तर माज्या लेकरावर येतंय," सुग्रीव म्हणाला. "आन गाव म्हनंल, देवाम्होरं खोटं बोलला. परत इस्तू बंद. तवा तुमाला आठवत नव्हतं ना सायेब? मंग आता बी आठवू नका. तुमच्या पाया पडतो."

"आणि तू? तुला आता ठाऊक झालं."

"म्या बघतो माजं," सुग्रीव म्हणाला. तो उठून बैलांकडे गेला, कारण तानुबाई येताना दिसत होती.

तिने घागर उतरवली, तांब्या भरून दिला, आणि फडक्यातलं जेवण सोडलं. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा. चाळिशीची असेल, उंच, हाताची बोटं बी धरून धरून एका बाजूला वळलेली. ती त्यांच्यासमोर जरा लांब, उन्हातच बसली. त्यांचं पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं.

"त्याला लय तरास झाला का वं, जाताना?"

"नाही," दिनकरराव म्हणाले, आणि हे तरी आपल्याला सांगता येतंय म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी शेजारीच होतो. मला ठाऊक आहे. त्रास अजिबात होत नाही. उलट फार बरं वाटतं, बाई. आपण लहानपणी जिथं खेळलो तिथं गेल्यासारखं वाटतं. त्याला तसंच वाटलं असेल." हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

तानुबाईने ते मनात नीट ठेवून घेतलं असं दिसलं. मग बैलांच्या मानेवर हात ठेवून पाठमोऱ्या उभ्या असलेल्या सुग्रीवकडे तिने पाहिलं आणि आवाज उतरवला. "आजून एक इचारते. ह्यो म्हनतो, दार म्या माज्या मनानं लावलं. म्या गावाचं ऐकलं, देवाचं ऐकलं. तेच्या घरला इस्तू बी दिला. पर मला पटत न्हाई, सायेब. ह्यो लय जपून वागनारा मानूस. सोताच्या मनानं असं करायचा न्हाई. तुमी तितं व्हताव. तुमाला काय ठावं असंल ते सांगा. म्या कुनाला बोलनार न्हाई."

ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती. सुग्रीव हलला नाही, पण त्याचा बैलाच्या मानेवरचा हात थांबला होता. दिनकररावांना तिच्याइतकं कुणालाच खरं सांगावंसं वाटलं नव्हतं, अमीनला नाही, शेठला नाही, सुग्रीवलाही नाही. सगळ्या जगात हे ऐकायचा हक्क एका माणसाला होता, आणि ते माणूस समोर बसून मागत होतं.

"मला आठवत नाही, बाई," ते म्हणाले.

दवाखान्यात हेच वाक्य खरं होतं, तेव्हा ते बोलताना त्यांना काहीच जड गेलं नव्हतं. तानुबाईने मान हलवली. तिने ते खरं मानलं होतं.

"न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "आसं वाईट आठवून तरी काय करायचं? तुमी बी मरता मरता वाचलाव. बसा नीट, सावलीला सरका. भाकर खावा."

दिनकरराव सावलीला सरकले. तिने भाकरीवर भाजी घालून त्यांच्या हातात दिली आणि कांदा मुठीने फोडून बाजूला ठेवला. पलीकडे सुग्रीवने बैलांना हाक घातली आणि तिफण एकट्यानेच पुढच्या तासाच्या तोंडाला लावून ठेवली. भाकरी गरम नव्हती, पण मऊ होती. दिनकररावांनी खाली मान घालून ती सगळी खाल्ली.

"आजून एक देऊ?" तानुबाईने विचारलं.

"द्या," दिनकरराव म्हणाले.